म्हातारीला विचारून सांगतो

आमच्याकडे गावच्या प्रमुखासमोर तंटा चालला आणि दोन्ही बाजूंचं ऐकून झालं, की वडीलधारी मंडळी उठतात आणि म्हणतात, ‘जरा म्हातारीला विचारून येतो.’ मग सगळे भिंतीमागे जातात. तिथं म्हातारी वगैरे कुणी नसते. आपसात कुजबुज होते, एकमत होतं, आणि परत येऊन ते निकाल सांगतात. पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे, कारण निकालाचं खापर कुणा एकावर फुटत नाही. आमच्या विद्यापीठानं यातला अर्धाच भाग उचलला. आमची माणसं म्हातारीला विचारायला उठतात, ती परत येतच नाहीत.

सेरवा आन्टींना या वाक्याची भयंकर चीड होती. सेरवा अन्सोंग हे त्यांचं पूर्ण नाव, नियोजन विभागात सगळी नोकरी गेली. त्यांची खोली माझ्या खोलीसमोर. मी संख्याशास्त्र शिकवतो, पण त्यांच्या खोलीतले भाजलेले शेंगदाणे जास्त चांगले असल्यामुळे माझा बराच वेळ तिकडेच जायचा. नवरा लवकर गेला, मुलं कुमासी शहरात. घरामागे त्या पांढरी वांगी लावत आणि ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी टोपलीभर वांगी पाठवत. त्यामुळे विद्यापीठात वांग्यांची टंचाई कधी जाणवली नाही.

त्यांचं डोकं फिरलं ते लारिबामुळे. लारिबा ही आमचीच जुनी विद्यार्थिनी, पार उत्तरेच्या टोकाला बावकूला राहणारी. तिला परदेशात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि फक्त आमच्याकडचं गुणपत्रक हवं होतं. आमच्याकडे गुणपत्रक हवं तर आधी वसतिगृहाची सही, मग ग्रंथालयाची, मग लेखा विभागाची, मग तळघरातल्या रेकॉर्ड रूममधून जुनी फाईल, मग अधिष्ठात्यांचा शिक्का. या सगळ्या जागा टेकडीच्या वेगवेगळ्या अंगांना. लारिबा तिसऱ्यांदा आली तेव्हा आन्टींनी तिला कडुनिंबाखाली मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी खात बसलेली पाहिली आणि स्वतः तिला घेऊन दारोदार फिरल्या. कुणी उद्या या म्हणालं, कुणी हे आमच्याकडे नाही म्हणालं, आणि बाकीच्यांनी म्हातारीला विचारून सांगतो म्हणून कळवलं. शिष्यवृत्तीची तारीख टळून गेली. जाताना लारिबानं वाकून नमस्कार केला, देव तुमचं भलं करो म्हणाली, आणि बसमध्ये बसली.

“शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” आन्टी मला म्हणाल्या. “आशीर्वाद देऊन गेली ती पोरगी. आता त्या आशीर्वादाचं मी काय करू, सांग.”

त्या रात्री म्हणा किंवा त्या आठवड्यात म्हणा, त्यांनी ‘एक खिडकी’ कागदावर मांडली. एकच इमारत, एकच खिडकी, सगळ्या खात्यांचा एकेक माणूस आत. विद्यार्थ्यानं समोर उभं राहायचं आणि कागद घेऊन जायचं. लारिबाला त्यांनी फोन करून सांगितलं की तुझं गुणपत्रक तुला त्या खिडकीतून मिळेल, मी निवृत्त व्हायच्या आत मिळेल. पलीकडून ती हसून म्हणाली की आन्टी, घाई नाही, मी इथं शाळेत शिकवते आहे. पण आन्टींना घाई होती. साठ वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी काढतात.

कुलगुरू होते प्रोफेसर अग्येकुम. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीचा समारंभ करायची त्यांना हौस. त्यांनी एक खिडकी उचलून विद्यापीठाच्या पंचवार्षिक आराखड्यात पहिल्या क्रमांकावर टाकली, आन्टींना तिची मुख्य केली आणि पहिल्याच बैठकीत विचारलं, “कापडाचं काय?”

कापड म्हणजे छापील कापड. आमच्याकडे शाळेची पन्नाशी असो, चर्चचा वाढदिवस असो की कुणाची तेरवी, आधी त्या प्रसंगाचं कापड छापून घेतात. ते अंगावर असलं की तुम्ही त्या घरचे. नसलं की तुम्ही प्रेक्षक. तर एका खिडकीचं कापड छापायचं ठरलं. खिडकीला अजून भिंतसुद्धा नव्हती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. रंग निळा की हिरवा यावर इतक्या बैठका झाल्या की खिडकीवर तितक्या पुढेही कधी झाल्या नाहीत. शेवटी निळ्यावर पिवळी खिडकी, खिडकीत एक हात, हातात किल्ली, असं ठरलं. आन्टी त्या दिवसांत संगणकांच्या मागे राजधानीत, अक्रात होत्या, आणि कापडाचा भाग कुलसचिवांच्या कार्यालयानं हौसेनं अंगावर घेतला.

वाटप मानाप्रमाणे झालं. मोठ्यांना सहा वार, आमच्यासारख्यांना चार, कारकुनांना दोन. ड्रायव्हर आणि माळ्यांनाही डोक्याला बांधायचे रुमाल मिळाले. तळघरातल्या रेकॉर्ड रूमला काहीच मिळालं नाही. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. कुलसचिवांच्या लोकांना वाटलं की ती माणसं इमारत विभागात मोडतात आणि इमारत विभागाला वाटलं की ती कुलसचिवांची. शुभारंभाच्या दिवशी पटांगण निळंशार झालं, ढोल वाजले, आणि खुर्च्यांच्या मागे तळघरातली मंडळी आपले रोजचे राखाडी कोट घालून उभी राहिली. जेवण वाढायच्या आधीच ती निघून गेली, हे पुढे बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी आठवलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं एवढंच म्हणता येईल. इमारत झाली. काचेची लांबलचक खिडकी, आत संगणक, बाहेर बसायला बाकडी. मग एकेकाचं घोडं अडायला लागलं. लेखा विभाग म्हणाला की आमचा माणूस तिकडे बसला तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार. वसतिगृहवाले म्हणाले की आमच्याकडे माणूसच नाही. त्यांच्या खोलीत तेव्हा चौघं सोंगट्या मांडून ड्राफ्ट्स खेळत होते. संगणक केंद्राला वाटत होतं की ही खिडकी मुळात त्यांची असायला हवी होती, म्हणून त्यांनी पासवर्ड द्यायला वेळ लावला. कर्मचारी संघटनेनं पत्रक काढलं की खिडकीत बसणाऱ्याला उभं राहावं लागणार का, आधी याचा खुलासा करा.

सगळ्यांत कहर केला तो प्रोफेसर तुफोर यांनी. हे अधिष्ठाता. त्यांचा पितळी शिक्का त्यांच्या टेबलाच्या कप्प्यात असायचा आणि जगबुडी झाली तरी तो कप्प्यातून हलणार नाही अशी त्यांची भूमिका होती. आन्टी त्यांच्याकडे आठवडाभर रोज जाऊन बसल्या. वांगीही गेली. शेवटी तुफोर एवढ्यावर आले की शिक्का खिडकीत ठेवणार नाही, पण मी तो खिशात बाळगेन आणि गरज पडेल तेव्हा स्वतः येऊन मारेन. तेव्हापासून खरोखरच तो शिक्का त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा आणि खिसा एका बाजूला लोंबायचा.

असं करत करत आन्टींनी एकेक दार उघडून घेतलं. त्या समोरच्या माणसाला शिव्या घालीत, पण त्याच्या आईची तब्येतही विचारीत. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा, कारण पगार घेऊन जे काम प्रत्येकानं करायचं ते करून घ्यायला या बाईला इतकं वाकावं का लागावं? मी तसं म्हटलं तर त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

एक दार मात्र उघडेना. जुन्या फायली तळघरातून वर आल्याशिवाय संगणकात काही भरता येणार नव्हतं, आणि तळघराचा मालक होता क्वाकू बादू. सगळे त्याला वोफा म्हणायचे, म्हणजे मामा. जाडजूड, हळू चालणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. आन्टींनी फायली मागवल्या की तो म्हणायचा, “हो मॅडम, म्हातारीला विचारून सांगतो.” मग वर यायच्या त्या फायली भलत्याच वर्षाच्या. कधी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल तो अंत्यविधीला गेलेला असे. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारचा, पण माणूस गुरुवारी निघतो आणि पुढच्या मंगळवारी, तोही झोपाळलेला, परत येतो. कुलगुरूंनी आदेश काढला, वोफांनी तो वाचून भिंतीला लावला. अक्राहून सल्लागार आले. त्यांनी सरोवराकाठच्या हॉटेलात बदलाला सामोरं कसं जावं यावर शिबिर घेतलं आणि आम्हाला मासे खाऊ घातले. ज्यांनी बदलायचं होतं त्या तळघरातल्या मंडळींना शिबिराचं बोलावणं नव्हतं.

यात वर्ष गेलं, मग दुसरं निघालं. आन्टींचे केस पांढरे झाले आणि बोलणं कडू झालं. एक दिवस त्या उठल्या, जिना उतरल्या आणि वोफांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. मी मागोमाग गेलो, कारण मला भीती वाटली की आता त्या कुणाला तरी मारतील.

“आज मी हलणार नाही,” आन्टी म्हणाल्या. “तुमच्या मनात काय आहे ते सांगा. म्हातारीचं नाव काढलंत तर हे कपाट तुमच्या अंगावर ढकलीन.”

वोफा बराच वेळ टेबल पुसत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, लग्न होतं. सगळ्या घराला आहेर झाला. माळ्याला झाला. आम्हाला नाही झाला. मग ते कुणाचं लग्न आहे ते मला कसं कळावं?”

“कापड?” आन्टींचा आवाज चिरकला. “वोफा, पोरं बावकूहून येऊन झाडाखाली झोपतात. त्यांचं आयुष्य अडकलंय तुमच्या कपाटात. आणि तुम्ही सहा वार कापडासाठी रुसून बसलात?”

“सहा नको होते,” वोफा म्हणाले. “रुमालाएवढं चाललं असतं.”

आन्टी जिना चढून वर आल्या. खोलीत आल्यावर त्यांनी वोफांना, कुलसचिवांना, कुलगुरूंना आणि मला मिळून जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वोफा कोता माणूस आहे, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मग पाणी पिऊन म्हणाल्या की चावी कोत्या माणसाकडे आहे हे खिडकी बांधायच्या आधी आपल्याला कळायला हवं होतं, आणि तेही खरंच होतं.

कापड मिळवायचं ठरवलं, पण कुठून? गिरणीनं मागणीपुरतंच छापलं होतं. मोठ्यांनी सहा वारांचे सदरे, बायकोचे कपडे, नातवंडांची झबली शिवून टाकले होते. एका प्राध्यापकांकडे त्याचे पडदे होते. आन्टींनी विचारलं तर ते म्हणाले की खिडकीचंच कापड आहे, खिडकीलाच लावलंय.

आन्टींचं स्वतःचं कापड काबा, म्हणजे पोलकं, शिवून संपलं होतं, वरचे दोन वार सोडून. ते दोन वार शिवायचे नसतात. मानाची बाई ते खांद्यावर किंवा कमरेला घेते. ते नसेल तर लोक म्हणतात, अजून पोरगी आहे. दुसऱ्या दिवशी त्या ते दोन वार आणि शिंप्याची कात्री घेऊन तळघरात उतरल्या. कापड टेबलावर पसरलं.

“मॅडम, हे नका करू,” वोफा उभे राहिले. “ते अंगावर घ्यायचं आहे.”

“गप्प बसा आणि टोक धरा.”

वोफांनी टोक धरलं. आन्टींनी प्रत्येकाचं नाव विचारून त्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. सोमवारी ती सगळी माणसं राखाडी कोटावर निळा खिसा शिवून आली, आणि दुपारपर्यंत फायली वर यायला लागल्या. नीट बांधलेल्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या, धूळ पुसलेल्या. इतके दिवस त्या तशाच लावून ठेवलेल्या होत्या हे पाहून मला रडावं की हसावं कळेना. पावसाळा संपायच्या आत सगळं संगणकात गेलं. आता फक्त कुलगुरूंनी खिडकी उघडायचा आदेश काढायचा होता.

आणि कुलगुरूंची मुदत संपली.

नवे कुलगुरू नवा आराखडा घेऊन आले. प्रत्येक नवा कुलगुरू आणतो. जुन्या आराखड्यातलं काही चालू ठेवलं तर त्यांचं नाव कशाला लागणार? आन्टी त्यांच्यापुढे जाऊन म्हणाल्या की सगळं तयार आहे, फक्त सही करा. ते फार गोड बोलले. काम उत्तम आहे, पण ते नव्या दिशेशी जुळतं का ते पाहावं लागेल. जरा म्हातारीला विचारून सांगतो, असं हसत म्हणाले. त्याच महिन्यात आन्टींना साठ पूर्ण झाली. निरोपाला आम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी पाटी निघाली. मी भाषणात एक खिडकीचं नाव घेतलं तर समोरच्या रांगेतले दोघंतिघं कुतूहलानं माझ्याकडे बघायला लागले, जणू मी कुठल्या तरी मेलेल्या काकांबद्दल बोलतो आहे.

पुढे काही महिन्यांनी आन्टी पेन्शनच्या एका सहीसाठी विद्यापीठात आल्या. मी त्यांना फाटकापासून घेऊन येत होतो. टेकडीच्या वळणावर त्या एकदम थांबल्या. काचेची खिडकी उघडी होती. समोर लांब रांग. आत लेखा विभागाचा माणूस, वसतिगृहाचा माणूस, ग्रंथालयाचा माणूस, संगणक केंद्राचा पोरगेला साहेब, वोफा, सगळे शेजारी शेजारी बसलेले. आन्टींनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला, आणि त्या जवळजवळ धावत निघाल्या.

मला माहीत होतं, पण सांगायचा धीर झाला नव्हता. नव्या आराखड्याचं कापड आलं होतं. हिरवं. या वेळी कुणी सुटायला नको म्हणून प्रत्येक खात्याचा माणूस एका ठिकाणी बसवून, एका खिडकीतून, एका दिवसात वाटायचं ठरलं होतं. आणि काम चोख चाललं होतं. नाव सांगा, कापड घ्या, पुढे चला.

रांगेतल्या कुणीतरी आन्टींना सांगितलं. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी रांगेकडे बघत बसलो. रांगेत पुढून दुसऱ्या जागी प्रोफेसर तुफोर उभे होते.

मग आन्टी सरळ खिडकीशी गेल्या. वोफांनी मान वर केली. त्यांच्या कोटावर निळा खिसा अजून होता.

“मॅडम,” ते ओशाळून म्हणाले, “निवृत्तांची नावं नाही दिलेली. पण थांबा, मी विचारून सांगतो.”

“कुणाला विचारता, वोफा? म्हातारी तर इथं उभी आहे.”

मागची रांग हसली. आन्टी हसल्या नाहीत.

“मला कापड नको. लारिबा अयारिगाचं गुणपत्रक हवंय. बावकूची. तिची फाईल तुम्हीच वर पाठवली होती.”

वोफांनी एकदा कापडाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग संगणक केंद्राच्या माणसाला कोपरानं ढोसलं. त्यानं नाव शोधलं. वसतिगृहवाला म्हणाला, बाकी नाही. ग्रंथालयवाला म्हणाला, बाकी नाही. लेखावाला म्हणाला, बाकी नाही. कागद यंत्रातून बाहेर आला. आन्टी मागे वळल्या आणि त्यांनी नुसता हात पुढे केला. प्रोफेसर तुफोर यांना कापडाची घाई होती. त्यांनी लोंबत्या खिशातून शिक्का काढला, काचेवरच कागद ठेवला आणि मारला.

“झालं?” ते म्हणाले. “आता रांग पुढे जाऊ द्या.”

आन्टींनी कागद फुंकर घालून वाळवला, पर्समध्ये शेंगदाण्यांच्या पुडीवर नीट ठेवला आणि बाजूला झाल्या. संध्याकाळी खिडकी बंद झाली. आता तिथं उरलेल्या कापडाचे गठ्ठे आहेत.